रिकाम्या खोलीचं वजन

१

गुरुवारी आमचं दुकान बंद असतं. ग्रीसची डबी, दोन पाने आणि एक फडका पिशवीत टाकायचा आणि बेबीकडे जायचं, हे मेहुणा गेल्यापासून ठरलेलं. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. साठी उलटली, गुडघे गेले, तरी बेबीच. खरं नाव फक्त बँकेला माहीत.

माझा धंदा वजनकाट्यांचा. दुरुस्त करायचे, तपासायचे, शून्य लावून द्यायचे. शाळा चौथीतच सुटली. तेव्हा सजवून लिहिलेलं ज्याला हवं असेल त्याने दुसरीकडे बघावं.

मेहुणा, म्हणजे बेबीचा नवरा, शिकलेला होता. स्वतःला संशोधक म्हणवायचा. मी उपद्व्यापी म्हणायचो, आणि तोंडावर म्हणायचो. दूध उतू जायच्या आत शीळ घालणारं झाकण त्याने काढलं. चष्म्याची डबी काढली, टाळी वाजवली की ती चिवचिवायची. त्याच्या घरात कोणाचं कौतुक करायची सोय नव्हती, टाळी पडली की चार कोपऱ्यांतून चिवचिवाट. आधी सगळं स्प्रिंगांवर आणि तरफांवर चालायचं, पुढे तारा आणि दिवे आले. प्रत्येकाचं पेटंट घ्यायचा. ती सर्टिफिकेटं काचेच्या चौकटीत घालून पॅसेजच्या भिंतीवर ओळीने लावलेली, स्वयंपाकघरापासून थेट पुढच्या दारापर्यंत. पाहुण्याला बाथरूमला जायचं तरी त्याच्या हुशारीसमोरून जावं लागे.

सगळ्यात मोठं पेटंट घराचंच. ‘कक्ष निर्मनुष्य असल्याचे ओळखणारी यंत्रणा.’ हे वाचायला मला दोन चहा लागले. साध्या भाषेत, वजनकाटा. प्रत्येक खोलीची फरशी एका मोठ्या पारड्यावर बसवलेली. खोलीत वजन आलं की दिवा लागतो, दाराची कडी वर होते. वजन शून्य झालं की दिवा बंद, पंखा बंद, कडी खाली. मग बाहेरून किल्लीनेच उघडायचं. मांजर शिरलं तरी दिवा लागायचा. मी विचारलं, “मांजराला कशाला रे दिवा?” तर म्हणाला, “दादा, घरात कोणी आहे की नाही एवढंच यंत्राला कळतं. कोण आहे ते विचारणं त्याचं काम नाही.”

पॅसेजमध्ये फळ्यावर चार खिडक्या, त्यात लाल आकडे. पुढची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि मेहुण्याची कामाची खोली. प्रत्येक खिडकीखाली एक स्क्रू. नवीन कपाट आणलं की स्क्रू फिरवून आकडा शून्यावर आणायचा, म्हणजे कपाट धरून खोली रिकामी असं यंत्र समजतं. आमच्या धंद्यात रोजचंच हे. पातेलं ठेवा, शून्य करा, मग दूध ओता. पातेलं जात नाही कुठे. काट्याने त्याला मोजायचं सोडलेलं असतं, इतकंच.

पॅसेजला मात्र काटा नव्हता. तिथे कोण थांबतंय, असं मेहुण्याचं म्हणणं.

तो गेला त्याला वर्ष होत आलं. दवाखान्यात गेला, लांब, बराच झिजून. घरात काही झालेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोकांची डोकी लगेच तिकडेच धावतात.

एका बुधवारी भाचीचा फोन आला. बेबीची मुलगी, दूर नोकरीला असते. घराचे आकडे तिच्या मोबाइलवर दिसतात. बापानेच ती सोय करून दिलेली.

“मामा, आईकडे कोण राहायला आलंय?”

“कोण येणार? तिच्या हातचा चहा एकदा प्यायलेला माणूस परत येत नाही.”

“थट्टा नको मामा. अ‍ॅपवर एका वेळी दोन खोल्यांत कोणीतरी दिसतंय. दुपारभर.”

२

गेलो. तीन खिडक्या नीट. मेहुण्याच्या खोलीच्या खिडकीत बारकासा आकडा. एखाद्या मांजराएवढा.

“बेबी, त्या खोलीत काय ठेवलंस?”

“मी कशाला जाते तिथे? केरापुरती जाते.”

“किल्ली आण.”

किल्ली कशाला, कडी वरच होती. दार ढकललं, आत दिवा चालू. या खोलीला खरी खिडकी नाही. बाहेरचा उजेड आला की हात चुकतो म्हणायचा. बाक, शेगडीएवढा वाइसचा शिकंजा, पक्कडी ओळीने टांगलेल्या, आणि मधोमध त्याचं स्टूल. हे स्टूलही पेटंटवालं. बसलं की सावकाश खाली जाणार, उठलं की स्प्रिंगने वर येऊन ढुंगणाला आधार देणार. वर येताना ‘हुश्श’ असा आवाज करायचं. थकलेल्या माणसासारखा. तो आवाज काढून टाक म्हणून बेबी कितीदा भांडली असेल. आता ते रिकामं होतं आणि वरच होतं, म्हणजे जसं असावं तसं.

बाकाखाली वाकून पाहिलं. पेटीच्या मागे पाहिलं. उंदीर नाही, मांजर नाही, गळती नाही. फरशीच्या कडेने सुरी फिरवून कचरा काढला. बाहेर आलो तर आकडा तसाच.

मी मनात म्हटलं, खोली बंद असते, दमटपणा असणार, लाकूड फुगतं, स्प्रिंग ढिली होते. वर्षभर न वापरलेला काटा असं करतोच. आमच्या वस्तादाने एकच गोष्ट डोक्यात टपली मारून शिकवली होती, की शून्य लावण्याआधी पारडं रिकामं आहे हे डोळ्यांनी बघ. कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी. मी बघितलं होतं.

“राहू दे ना दादा,” बेबी म्हणाली. “दिवा जळला तर जळला.”

“वाऱ्याला उजेड देतेस का?”

स्क्रू फिरवला. आकडा उतरत शून्यावर आला. आत दिवा बंद झाला, कडी पडली. खट्.

बेबी त्या बंद दाराकडे बघत राहिली. कोणाच्या ताटातलं अर्धं जेवण उचललं तर आपण जसं बघतो, तशी.

३

पुढच्या गुरुवारी परत आकडा. थोडा मोठा.

मी दुकानातून तपासणीची वजनं नेली होती, पितळेची, शिक्का मारलेली. ती त्या खोलीत एकेक ठेवून पाहिली. जेवढं ठेवलं तेवढंच वाढलं, काढलं तेवढंच उतरलं. काट्यात काही खोट नव्हती. काटा खरं बोलत होता, आणि मला ते नको होतं.

बेबी चहा घेऊन पॅसेजमध्ये आली. दोन कप. मग परत गेली आणि तिसरा आणला. तो फळ्याखालच्या तिवईवर ठेवला.

“हा कोणाला?”

“असू दे.”

“बेबी.”

“ओरडू नकोस. त्यांना अंधार आवडत नाही, माहितेय ना तुला? तू मागच्या वेळी दिवा घालवलास.”

आता मात्र मी खाली बसलो. म्हटलं हे प्रकरण वाटतं तसं नाही. “म्हणजे तुझं म्हणणं आत मेहुणा आहे?”

“मी काही म्हणत नाही.”

“मांजराएवढा?”

ती चिडली नाही. पदराने कपाची कड पुसत म्हणाली, “शेवटी किती झिजले होते, तू बघितलंस ना. आजारातून उठलेलं माणूस हळूहळूच अंग धरतं.”

ती हे इतक्या सरळ म्हणाली, जणू दळणाला काय टाकलंय ते सांगतेय.

मी उठलो आणि स्क्रू फिरवला. ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. तिसरा कप मीच पिऊन टाकला. थंड झाला होता. मी इतका लवकर थंड झालेला चहा प्यायलेलो नाही.

४

भाची खूश. “आता एकच दाखवतंय मामा. थँक्यू.” मी तिला म्हटलं, आईला तुझ्याकडे घेऊन जा. ती म्हणाली, “मी काय बोलावत नाही का? येतच नाही. तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते. लक्ष ठेवाल ना?” ठेवतो म्हणालो. दिलेला शब्द.

मीही बेबीच्या मागे लागलो. माझ्याकडे चल, दुकानावरची खोली रिकामी आहे, सूनबाई तुझ्या हातचं खायला तयार आहे, आणखी काय पाहिजे? ती म्हणायची, “घर कोणावर टाकून येऊ?” आणि त्या दाराकडे बघायची नाही. मुद्दाम बघायची नाही.

दर गुरुवारी त्या खिडकीत काहीतरी असायचंच. कधी पिठाच्या डब्याएवढं, कधी त्याहून कमी. मी फडक्याने धूळ पुसावी तसा स्क्रू फिरवायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. हाताला सवय असते. शून्य दिसलं की डोकं थंड होतं. किती वेळा फिरवला ते मोजलं नाही, आणि सगळं मिळून किती झालं असेल हा हिशेब तर डोक्यात शिरलाच नाही. पातेलं, पातेल्यावर पातेलं.

एकदा आत ग्रीस लावायला गेलो तर स्टूल खाली होतं.

रिकामं स्टूल वर असतं. खाली राहू शकत नाही, त्याची स्प्रिंग मीच बनवून दिली होती. मी सीटवर बोटं ठेवून पाहिली. सीट दगडासारखी घट्ट, इकडे नाही तिकडे नाही. अडकलं असणार. तेलाची नळी दांड्याला लावायला गुडघ्यावर वाकलो, तोंड सीटच्या पातळीवर आलं. तिथे हवा गार होती. फ्रिजचं दार उघडल्यासारखी नाही. ओल्या कपड्यांजवळून गेल्यासारखी.

तेल लावलं आणि बाहेर आलो. जरा पटकनच आलो, असं म्हणा. लावलेलं तेल मुरायला वेळ लागतो, मग उचलेल स्टूल आपोआप, असं स्वतःला सांगितलं. स्क्रूही फिरवून टाकला.

बेबी स्वयंपाकघरातून म्हणाली, “बसलेत ना?”

मी पाने फडक्यात गुंडाळत राहिलो. एक गोष्ट मी तिला सांगायची टाळत होतो. मेहुण्याचं वजन मला तोंडपाठ होतं. ही फरशी बसवली तेव्हा चाचणीला तोच उभा राहायचा आणि मी आकडे वाचायचो. काडी पैलवान. भरल्या अंगाचा होता तेव्हाही बेबीच्या निम्मा. बेबी त्याला म्हणायची, वाऱ्याच्या दिवशी खिशात किल्ल्या ठेवून बाहेर पडत जा.

५

त्या गुरुवारी दुपारचं चांगलं ऊन होतं. स्वयंपाकघरात दोघं बसलो होतो. बेबी भाचीच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होती, बापाच्या झाकणाची शीळ ऐकून पोर पोलीस आले म्हणून कपाटात लपायची ते. मी हसतही होतो.

मेहुण्याच्या खोलीतून आवाज आला.

हुश्श.

बेबीचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. मी म्हटलं, “तेल मुरलं.” म्हटलं खरं, पण उठून पॅसेजमध्ये गेलो.

त्या खोलीचं दार हलत होतं. उघडत नव्हतं, मिटत होतं. त्या दाराला मागून स्प्रिंग आहे, माणूस बाहेर आला की ते मागोमाग सावकाश मिटतं. तसं मिटलं. कडी पडली. खट्.

मी फळ्याकडे पाहिलं. त्या खोलीच्या खिडकीत आकडा होता आणि आकड्याच्या आधी आडवी रेघ. उणे.

ज्याने काटा हाताळलेला नाही त्याला यात काही वाटणार नाही. मला सांगा, पातेलं ठेवून शून्य केलं आणि मग पातेलं उचललं, तर काटा काय दाखवेल? पातेल्याचं वजन दाखवेल, उणे करून. काटा उणे दाखवतो तो एकाच कारणाने. शून्य लावताना पारड्यात काहीतरी होतं, आणि आता ते तिथे नाही.

मी गुरुवारमागून गुरुवार थोडं थोडं पुसत गेलो होतो. ते सगळं गोळा होऊन आज उठलं होतं.

शेजारी स्वयंपाकघराची खिडकी. तिथे आत्ता एकटी बेबी. तिचा आकडा आणि हा उण्याचा आकडा, मी एकदा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तोच. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

मग मी बाकीच्या खिडक्या पाहिल्या. झोपायची खोली शून्य. पुढची खोली शून्य.

त्या खोलीतून निघालं, आणि कुठल्याच खोलीत पोचलं नव्हतं.

पॅसेजला काटा नाही.

मी हललो नाही. भिंतीवरच्या चौकटी, त्यांच्या काचा, समोरच्या दारातून येणारा उजेड त्या काचांवर. माझ्या कानामागे गार लागत होतं. ओल्या कपड्यांसारखं. मी त्या लाल आकड्यांकडे बघत राहिलो, कारण मान वळवली असती तर बघावं लागलं असतं. किती वेळ, ते विचारू नका.

मग पुढच्या खोलीचा आकडा चढायला लागला. सावकाश, पाय टाकत आत गेल्यासारखा. चढून थांबला. बेबीच्या आकड्यावर. तिकडे भर दुपारी दिवा लागला.

६

“स्टूल वाजलं ना रे?”

बेबी मागून आली, कमरेच्या किल्ल्या हातात. तिचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता. मी अडवेपर्यंत तिने कुलपात किल्ली घातली, कडी उचलली आणि आत गेली.

“थांब,” मी म्हणालो. दार तिच्यामागे मिटलं. खट्.

एरवी त्या खोलीत पाय टाकला की दिवा लागतो. लागला नाही. खिडकीतली उण्याची रेघ गेली, आकडा उतरत उतरत शून्यावर आला आणि तिथेच ठरला. आत माझी बहीण उभी होती आणि घर म्हणत होतं, कोणी नाही.

“दादा?” आतून आवाज आला. “दिवा लागत नाही.”

“किल्ली?”

“माझ्याकडेच आहे. आतून भोक कुठेय?” मग जरा हळू, “दादा, इथे कोणी नाही रे.”

दाराला खांदा दिला. मेहुण्याची कडी ती, चोर हरावा म्हणून केलेली. या वयाच्या खांद्याला ती काय दाद देणार? वीज बंद करून उपयोग नव्हता, कडी स्वतःच्या वजनाने पडते. उचलायची तर यंत्राला पटायला हवं की आत माणूस आहे. म्हणजे शून्य खोटं करायला हवं. चाळीस वर्षं मी लोकांचे खोटे काटे खरे करत आलो. आता पाना घेतला आणि स्क्रू उलटा फिरवायला लागलो. स्क्रूला तेल मीच दिलं नव्हतं, नेहमी एकाच बाजूला फिरवलेला, उलटा फिरेना.

पुढच्या खोलीचा दिवा गेला.

मी डोळ्याच्या कडेने पाहिलं. त्या खिडकीत शून्य. बाकी खिडक्यांत शून्य. चारही खिडक्यांत शून्य. बहीण दाराआड, मी पॅसेजमध्ये, आणि मेहुण्याच्या सगळ्या हुशारीच्या मते या घरात कोणीही नव्हतं.

मी पान्याकडे नजर लावली. तरी समोरच्या भिंतीवरच्या चौकटी दिसतच होत्या. पुढच्या दाराजवळच्या चौकटीची काच काळी झाली. उजेडाच्या आड माणूस आला की होते तशी. मग तिच्या अलीकडची. पहिली काही उजळली नाही. मग तिच्या अलीकडची. एकेक करून, दुधाचं झाकण, छत्री, डबी, स्टूल, सगळ्या पेटंटांवरून ते माझ्याकडे येत होतं, आणि पायांचा आवाज नव्हता.

“दादा, उघड ना.”

स्क्रू सुटला. बोटं सोलली, पण सुटला. आकडा शून्यावरून वर सरकला. एका मांजराएवढा. आत दिवा लागला, कडी उठली, मी दार ढकललं.

बेबी बाहेर यायला निघाली आणि थांबली. माझ्या खांद्यावरून ती मागे बघत होती. आधी हसली. नवरा दौऱ्यावरून आला की हसायची तशी. मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्यामागचं सगळं निघून गेलं.

“दादा,” ती अगदी हळू म्हणाली, “हे ते नव्हेत.”

मी मागे बघितलं नाही. तिचा दंड धरला, तिला उघड्या राहिलेल्या स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर काढलं. चपला नाहीत, पर्स नाही. गल्लीत आल्यावर ती भर उन्हात कुडकुडत होती. काय बघितलंस, असं मी विचारलं. तेव्हाही विचारलं, नंतरही विचारलं. ती एवढंच म्हणते, “माझीच साडी होती.” पुढे बोलत नाही.

७

दुकानावरच्या खोलीत तिची सोय केली. सूनबाईने काही विचारलं नाही, गुणाची पोर आहे. भाचीला फोन करून सांगितलं, आई आता माझ्याकडे.

“बरं झालं मामा. घर रिकामं दाखवतंय.”

“तुझ्या बापाच्या खोलीपुढे काय आहे?”

“आडवी रेघ आहे. आणि मग आकडा. बिघडलंय का?”

“आणि बाकी?”

“बाकी सगळी शून्य.”

म्हणजे ते परत खोलीत गेलं नव्हतं. दुसऱ्याही खोलीत नव्हतं. मी फोन ठेवला आणि स्वतःला समजावलं, पॅसेजमध्ये असेल. राहू दे पॅसेजमध्ये. चौकटी वाचत बसू दे.

आमच्या दुकानात दारातच जमिनीत बसवलेला जुना मोठा काटा आहे, पोती तोलायचा. लोखंडी पाट, उभा खांब, वर घड्याळासारखी तबकडी आणि सुई. त्यात तार नाही की दिवा नाही. जिन्याकडे जायचं तर पाटावरून पाऊल पडतंच. सुई उठते, पाऊल गेलं की खाली येते. दिवसभर तेच. आम्ही बघतही नाही.

सकाळी बेबी खाली आली. पाटावरून चालत माझ्याकडे आली. सुई उठली, आणि ती उतरल्यावर सुई खाली आली नाही. तिच्याच आकड्यावर उभी राहिली.

बेबीने माझं तोंड बघितलं, मग मागे वळून तबकडी बघितली. पाटावर काही नव्हतं. दारातून ऊन येऊन पाटावर पडलं होतं, स्वच्छ.

“शून्य कर,” ती म्हणाली.

“बेबी...”

“तिकडे करायचास ना दर गुरुवारी? मी नको म्हणायचे तरी करायचास. आता कर म्हणतेय तर कर ना.”

माझा हात स्क्रूकडे गेलाच होता. तो मी मागे घेतला. “शून्य केलं म्हणजे जात नाही ते,” मी म्हणालो. “दिसायचं बंद होतं. सुई वर आहे तोवर मला माहितेय ते कुठे आहे.”

मी समोर स्टूल टाकून बसलो. आपलं साधं, चार पायांचं. गिऱ्हाइकांना सांगितलं, काटा बिघडलाय. काटेवाल्याचाच काटा बिघडला म्हणून एकजण खूप हसला. हसू दे. बेबीला म्हटलं, मागच्या बाजूने ये-जा कर, पाटावर पाय ठेवू नकोस. सुई हलत नव्हती. जेवण तिथेच, डुलकी तिथेच. असं बसून राहायचं म्हटलं तर मी कितीही बसलो असतो. मला दुसरं काम काय आहे?

पण माणसाला अंघोळीला तरी उठावं लागतं.

परत आलो तर थोरला मुलगा फडक्याला हात पुसत उभा. बाहेरगावचं काम आटपून सकाळीच आला होता. माझ्याच हाताखाली शिकलेला, कामाला वाघ.

“बाबा, एवढा काटा बिघडलेला घेऊन बसलात? काही नव्हतं हो. सुई वर अडकली होती. शून्य लावून दिलं.”

मी विचारलं, “पाट रिकामा होता?”

“तुम्हीच शिकवलंय ना,” तो म्हणाला. “डोळ्यांनी बघून मगच लावला.”

तबकडीवर सुई शून्यावर. या जुन्या काट्यांना शून्यापाशी खिळा असतो, सुई त्याच्या खाली जात नाही. हा काटा उणे दाखवत नाही. पाटावरचं उठून गेलं, तरी सुई इथेच टेकून राहणार. आणि मग तेवढ्याच वजनाचं कोणी पाटावर उभं राहिलं, तरीही.

मी थोरल्याला काही सांगणार, तेवढ्यात बेबी हातात चहाचे कप घेऊन समोरून आली. तिने तबकडी पाहिली आणि जागीच थांबली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला.

“गेलं रे दादा,” ती म्हणाली. “बघ ना. शून्य.”

तिचे दोन्ही पाय पाटावर होते.